पहिलीच्या दप्तरात विज्ञानाचं पुस्तक का नसतं?

जूनच्या पालकसभेत एक प्रश्न ठरलेला असतो. यंदा तो जरा चढ्या आवाजात आला. आमची शाळा तासगाव तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. गावात निम्म्या घरांच्या द्राक्षबागा, काहींच्या बेदाण्याच्या शेडी. अशाच एका शेडीचे मालक उठून उभे राहिले. "सर, आमच्या मेव्हण्याची पोरगी सांगलीत इंग्लिश मीडियमला हाय. पहिलीतच सायन्सचं येगळं पुस्तक. फोटोसिंथेसिस म्हणती ती! आन् आमच्या पोराच्या दप्तरात बघतोय तर गाणी, चित्रं आन् बेरजा. विज्ञान कवा शिकवणार तुमी?"

सगळे हसले. मी पाच मिनिटांत काहीतरी सांगितलं, पण ते कुणाला पटलं नाही हे तोंडांवरून दिसत होतं. नव्या धोरणाचा ५+३+३+४ चा तक्ता गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून फिरून जुना झाला, तरी पोरगं विज्ञान कधी शिकणार हे काही त्यातून कळत नाही. म्हणून जरा सावकाश लिहितोय.

पुस्तक नाही, विषय आहे

आधी कागदावरचं उरकून घेऊ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिला टप्पा पाच वर्षांचा आहे: अंगणवाडी किंवा बालवाडीची तीन वर्षं, मग पहिली आणि दुसरी. वय ३ ते ८. याला पायाभूत स्तर म्हणतात. पुढचा टप्पा तिसरी ते पाचवी. आपल्या राज्यात २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम लागला आणि बाकीचे वर्ग टप्प्याटप्प्यानं बदलायचं ठरलं.

पायाभूत स्तरावर विज्ञानाचं वेगळं पुस्तक नाही. तिसरीपासून परिसर अभ्यास येतो, आणि मुखपृष्ठावर 'सामान्य विज्ञान' असं छापलेलं पुस्तक बालभारतीनं आजवर सहावीला दिलं आहे. ही नव्या धोरणानं काढलेली टूम नव्हे. १९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातच म्हटलं होतं की प्राथमिक शाळेत परिसर अभ्यास हा एकच विषय असावा, आणि पहिली-दुसरीत निसर्ग एकीकडे नि समाज दुसरीकडे अशी वाटणी करू नये.

कारण सात वर्षांच्या पोराला जग वाटण्या होऊन दिसत नाही. गावातली जुनी विहीर घ्या. उन्हाळ्यात पाणी खाली का जातं, हे विज्ञान. किती परस खोल, हे गणित. ती कुणी बांधली आणि एके काळी तिथं कुणाला पाणी भरू देत नव्हते, हा इतिहास आणि नागरिकशास्त्र. पोरगं काठावरून आत डोकावतं तेव्हा त्याला फक्त विहीर दिसते, आणि एक खडा टाकावासा वाटतो. 'डुबुक' ऐकू यायला किती वेळ लागला, हे ते आपल्याआधी मोजतं.

कोरी पाटी वगैरे काही नसतं

लहान मुलांना विज्ञान शिकवणं अवघड का, याचं कारण आपण उलटं समजतो. आपल्याला वाटतं डोकं रिकामं आहे, भरायला वेळ लागतो. खरी अडचण अशी की ते आधीच भरलेलं असतं. पोरानं जगाबद्दल स्वतःची समजूत बांधलेली असते, आणि ती त्याच्या अनुभवावर उभी असल्यामुळे घट्ट असते. शिक्षणशास्त्रात तिला पूर्वकल्पना म्हणतात. मी पुढं नुसतं 'समजूत' म्हणेन.

नोकरीची पहिली काही वर्षं मी माण तालुक्यात काढली. तेव्हा मी चौथीच्या पोरांकडून बाष्पीभवनाची व्याख्या घोकून घेतली होती. "द्रवाचे वायूत रूपांतर होणे म्हणजे बाष्पीभवन." तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, सगळ्या वर्गानं एका सुरात म्हटली. साहेब खूश. ते गेल्यावर एका पोरानं ओल्या फडक्यानं फळा पुसला, फळा वाळला, आणि मी सहज विचारलं, "कुठं गेलं रे पाणी?"

"फळ्यानं पिलं."

दुसरा म्हणाला, "न्हाई, संपलं." तिसरी म्हणाली, "ऊन खातंय पाणी." ऊन तर वर्गात नव्हतंच. व्याख्या पाठ असलेल्या तीस पोरांतल्या एकालाही वाटलं नाही की ही व्याख्या आणि हा फळा यांचा काही संबंध आहे. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. पोरांची नाही, कारण 'फळ्यानं पिलं' हे उत्तर विचार करून दिलेलं होतं. माती पाणी पिते, गोणपाट पितं, मग फळ्यानं का पिऊ नये?

हे फक्त आपल्याकडं घडतं असंही नाही. स्टेला व्होस्नियादू आणि विल्यम ब्रुअर या संशोधकांनी अमेरिकेतल्या पहिली, तिसरी आणि पाचवीच्या ६० मुलांना पृथ्वीबद्दल प्रश्न विचारले आणि १९९२ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. पृथ्वी गोल आहे हे मुलं सांगत. पुढं खोदून विचारलं की गंमत उघडी पडे. काहींच्या मते पृथ्वी थाळीसारखी गोल. काहींच्या मते ती पोकळ चेंडू आणि आपण आत सपाट जमिनीवर राहतो. काहींनी तर दोन पृथ्व्या केल्या, एक आपल्या पायाखालची आणि एक आकाशातली गोल. हैदराबादच्या मुलांशी असंच बोलल्यावर पृथ्वी पाण्यावर तरंगते असं सांगणारीही भेटली. पुढे काही संशोधकांनी आक्षेप घेतला की प्रश्न विचारण्याच्या पद्धतीमुळेच मुलं गोंधळली असतील. तो आक्षेप अगदीच फेकण्यासारखा नाही. पण वर्गात रोज उभं राहणाऱ्याला एवढं पुरतं: पोरानं बरोबर शब्द उच्चारला म्हणून त्याच्या मनात बरोबर चित्र आहे असं धरून चालू नये.

बेदाण्याची शेड हीच प्रयोगशाळा

तासगावात आल्यावर मला हा बाष्पीभवनाचा हिशेब चुकता करायची संधी मिळाली. इथल्या पोराला द्राक्षापासून बेदाणा होतो हे शाळेत सांगावं लागत नाही. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, हेही घरात ऐकून ठाऊक असतं. फेब्रुवारीत मी दुसरी-तिसरीच्या पोरांना एवढंच विचारलं: चारातले तीन किलो गेले कुठं?

उत्तरं फळ्यावर लिहून घेतली, जशीच्या तशी. जाळीतनं खाली गळलं. उन्हानं खाल्लं. औषधानं पिलं. एकानं सांगितलं, चिमण्यांनी थोडी खाल्ली. हेही खोटं नाही.

मग एकेक समजूत तपासली. जाळीतनं गळतं म्हणणाऱ्यांनी शेडीवर जाऊन रॅकखाली कागद पसरला. सुरुवातीचे थेंब सोडले तर तो कोरडाच राहिला. ऊन खातं म्हणणाऱ्यांना शेडीत उभं केलं: वर छप्पर, बाजूला शेडनेट, ऊन आत येतच नाही, येतो तो वारा. मग दोन पारदर्शक पिशव्यांत मूठमूठ द्राक्षं घेतली, एक पिशवी उघडी ठेवली, एक घट्ट बांधली, दोन्ही खिडकीत टांगल्या. दुसऱ्या दिवशी बांधलेल्या पिशवीला आतून थेंब आले होते. तिसरीतली एक मुलगी बराच वेळ ते बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे पाणी भायेर निघालंय, पण त्याला जायाला जागा न्हाई."

त्या वाक्यानंतर मी फळ्यावर 'बाष्पीभवन' लिहिलं. त्याआधी नाही. शब्द आला तेव्हा त्याला चिकटायला आत काहीतरी होतं. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे खरं तर. सात-आठ वर्षांच्या पोराला विज्ञान शिकवायचं म्हणजे शब्द शेवटी द्यायचा, आणि त्याआधी त्याची समजूत बाहेर काढून ती त्याच्याच डोळ्यांसमोर तपासायला लावायची.

शेडवाल्या पालकांनी पुढची भर घातली. द्राक्षं रॅकवर टाकण्याआधी डीपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. का? द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा पातळ थर असतो. तो पाणी आत धरून ठेवतो, म्हणून नुसतं द्राक्ष लवकर सुकत नाही. बुडवल्यानं त्या थराचा अडसर कमी होतो आणि पाणी झपाट्यानं बाहेर पडतं. पोरांनी बुडवलेला एक घड आणि न बुडवलेला एक घड शेजारी टांगून ठेवला (बुडवायचं काम पालकांनीच केलं, त्या द्रावणात पोरांचे हात नकोत). न बुडवलेल्याला आठवड्यात बुरशी धरली. त्यातून पुढचे चार प्रश्न निघाले, ते इथं लिहीत नाही.

आणि बेदाण्याचा सगळ्यात आवडता खेळ: काचेच्या ग्लासात ताजा, फसफसता सोडा ओतायचा आणि त्यात पाच-सहा बेदाणे टाकायचे. टाकण्याआधी हात वर करून अंदाज घ्यायचा, बुडेल की तरंगेल? बेदाणा आधी बुडतो. बुडणारवाले टाळ्या पिटतात. तेवढ्यात तो वर येतो. मग परत खाली. वर्ग वेडा होतो.

कारण सांगायला मला विहीर पुन्हा कामाला आली. पोहायला शिकताना पाठीला रिकामा डबा नाहीतर सुका भोपळा बांधतात. बेदाण्याच्या सुरकुत्यांत सोड्याचे बुडबुडे अडकतात, तेच त्याचे डबे. पुरेसे डबे लागले की तो वर येतो. वर आल्यावर बुडबुडे फुटतात, डबे सुटतात, तो पुन्हा तळाला. बुडबुडे असतात कार्बन डायऑक्साइडचे. हे नाव दुसरीत कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

घटातलं धान पिवळं का?

आता जरा अवघड भाग. बघणं, सांगणं, अंदाज करणं पोरांना जमतं. जमत नाही ती एक गोष्ट, आणि ती शिकवावीच लागते: दोन गोष्टींची तुलना करताना एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. याला मी 'रास्त तुलना' म्हणतो. शर्यतीत एकाला अनवाणी आणि दुसऱ्याला बूट घालून पळवलं, तर जोरात कोण पळतं हे कळेल का? नाही, बूट चांगले की पाय चांगले, काहीच कळणार नाही. पोरांना हे उदाहरण लगेच पटतं, कारण अन्याय त्यांना फार लवकर कळतो.

सातारा-सांगलीकडं नवरात्रात घराघरात घट बसतो. पत्रावळीवर रानातली माती, त्यात गहू आणि बाकीची धान्यं, मधे पाण्याचा कलश. नऊ दिवसांत धान उगवतं आणि दसऱ्याला ते टोपीत, कानावर खोवलं जातं. दरवर्षी बघितलेली गोष्ट. मी विचारलं, "धान रंगानं कसं असतं?" "पिवळं!" "आणि शेतातला गहू उगवल्यावर?" "हिरवा." शांतता. त्याच गव्हाचे दोन रंग कसे, याचा विचार कुणी केला नव्हता. खरं सांगायचं तर चाळिशीपर्यंत मीही नाही.

घरातल्या घटाला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवलं. ती आईची, आजीची गोष्ट. आम्ही शाळेत दही यायच्या डब्यांत दोन वेगळे घट केले. माती एकाच रानातली, दोन्हीकडं मोजून वीस गहू, पाणी एकाच झाकणानं. एक डबा कपाटात, एक खिडकीत. अंदाज फळ्यावर लिहिले. जवळजवळ सगळ्यांचं मत: उन्हातला उंच होणार, कारण ऊन मिळालं की रोप वाढतं. पुस्तकातही तसंच आहे की!

नवव्या दिवशी कपाटातलं धान उंच निघालं. उंच, पिवळं, लुळं. खिडकीतलं ठेंगणं, हिरवं, ताठ. पोरं माझ्याकडं अशी बघायला लागली की मीच काहीतरी फसवाफसवी केली असावी. अंधारातलं रोप दाण्यातली शिदोरी वापरून उजेड शोधत झपाझप लांबतं, आणि उजेड नसल्यामुळं पानांत हिरवा रंग नीट तयार होत नाही. देवघराच्या कोपऱ्यात तेच घडतं. एका पोराचा सवाल होता, मग शिदोरी संपल्यावर काय? कपाटातला डबा आम्ही तिथंच राहू दिला. काय झालं ते त्यानंच आठवडाभरानं सगळ्यांना दाखवलं.

इथं एक कबुली. 'पोरांना मोकळं सोडा, ती सगळं आपलं आपण शोधतील' हे वाक्य प्रशिक्षणात फार ऐकायला मिळतं, आणि ते अर्धंच खरं आहे. डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या तिसरी-चौथीच्या मुलांना उतारावरून चेंडू सोडायचे प्रयोग दिले होते. ज्यांना रास्त तुलना म्हणजे काय हे उदाहरणं देऊन समजावलं, त्यांतल्या ७७ टक्क्यांना ती जमली. साहित्य देऊन नुसतं सोडून दिलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होतं. सायकल शिकवताना आपण मागून सीट धरतो, एकदम सोडून देत नाही. पण जन्मभर धरूनही ठेवत नाही. कधी सोडायचं हे ओळखणं, मास्तरकीतला अवघड भाग तो.

"पण एवढ्या लहान पोरांना कारण कळतं का?"

हा आक्षेप शिकलेल्या पालकांचा असतो, आणि त्याला जुनं वजन आहे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवलं होतं की एका भांड्यातलं पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतलं तर सहा-सात वर्षांच्या आतली बरीच मुलं पाणी वाढलं असं म्हणतात. घरी करून बघा, वाटीतलं ताक पेल्यात ओतून. धाकटं पोरगं पेलाच मागेल.

पण १९७४ साली जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी यातली एक मेख काढली. सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडून मोठ्या माणसानं एक ओळ पसरवली की लहान मुलं म्हणत, आता लांब ओळीत जास्त. तीच ओळ एका 'खोडकर' खेळण्यातल्या अस्वलानं विस्कटली असं दाखवलं, तर बऱ्याच जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं: सारख्याच आहेत. म्हणजे काही वेळा पोराला कळत नसतं असं नाही. मोठा माणूस मुद्दाम काहीतरी करून पुन्हा तोच प्रश्न विचारतोय, तर उत्तर बदललं पाहिजे, असं त्याला वाटतं. आपल्या वर्गात तर हे रोज घडतं. पहिल्या उत्तरावर सर "नक्की?" म्हणाले की पोरगं उत्तर फिरवतं. "नक्की?" विचारणं मी सोडून दिलंय. "कशावरून?" विचारतो, आणि उत्तर बरोबर असलं तरी विचारतो.

मोजणं म्हणजे काय हे सांगलीला शिकवायला नको

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की एकच विचारतात: आयर्विनला पाणी किती? १९२९ पासून उभ्या असलेल्या त्या पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कृष्णाकाठच्या पोराला हे आकडे पाढ्यांसारखे येतात. म्हणून मोजमाप शिकवायला मी पट्टीपेक्षा पूल घेतो. बादलीत उभी पट्टी चिकटवायची, एकेक तांब्या ओतायचा, दर तांब्याला किती चढलं ते लिहायचं. मग तळाला रुंद आणि वर अरुंद हंडा घ्यायचा. तेवढ्याच तांब्यानं पाणी आता वर गेल्यावर जास्त का चढतं? नदीचं पात्र कुठं रुंद, कुठं अरुंद, हा विषय पोरं आपणहून काढतात.

माणमध्ये असताना सरळ बाटलीचा पर्जन्यमापक केला होता. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्याकडं ५०० च्या आसपास. रोज नोंद ठेवणाऱ्या पोरानं तक्ता भरला: ०, ०, ०, ०. आठवड्यानं वैतागून म्हणाला, "सर, मोजायला काय न्हाईच की." त्याला म्हटलं, शून्य हेच तुझं माप, ते खाडाखोड न करता लिहिलंस हे महत्त्वाचं. त्याला ते पटलं की नाही, ठाऊक नाही. पण नोंद त्यानं सोडली नाही.

"आमची पोरं मागं पडणार न्हाईत न्हवं?"

मेव्हण्याच्या मुलीकडं परत येऊ. तिनं फोटोसिंथेसिस म्हटलं यात वाईट काही नाही. पोरांना मोठे शब्द आवडतात, जिभेवर घोळवायला मजा येते. पण तिला विचारून बघा, झाडाचं खोड कशापासून वाढतं? बहुतेक पोरं म्हणतील, मातीपासून. मोठी माणसंही तेच म्हणतात. हवेतला वायू आणि पाणी यांतूनच खोडाचा बहुतेक भार तयार होतो, हा त्या शब्दातला खरा धक्का. तो पहिलीत कळणं अवघडच. मग घाई कशाची?

परीक्षेचं मात्र खरं आहे. स्कॉलरशिपच्या पेपरांत भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी येते, परिसर अभ्यास येत नाही. म्हणून चौथी-पाचवीत सराव सुरू झाला की परिसर अभ्यासाचा तास सगळ्यात आधी गायब होतो. त्याचं भाडं सहावीत भरावं लागतं. अनुभवाशिवाय सामान्य विज्ञानाचं पुस्तक हातात पडतं, आणि पोरगं ते इतिहासासारखं पाठ करतं.

"साहित्य कुठाय, वेळ कुठाय?"

साहित्याचा मुद्दा मी फारसा मानत नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीची मुलं हातानं प्रयोग करून विज्ञान शिकायला लागली, तीही खेड्यांतल्या साध्या वर्गखोल्यांत. २००२ साली सरकारनं तो कार्यक्रम बंद केला, पण तीस वर्षं तो चालला. तिथंच काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे यांतून भूमितीचे आकार उभे केले, आणि पुढं पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेतून कचऱ्यातली खेळणी घराघरात पोहोचवली. सोडा, बेदाणे, दह्याचे डबे: आमचा सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत.

वेळेचा मुद्दा मात्र मानतो. शिक्षण हक्क कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे दोघांनी मिळून चार-पाच वर्ग, शिवाय पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम. अशा शाळेत रोज प्रयोग करा म्हणणाऱ्यानं आधी एक आठवडा येऊन बसावं. पण बहुवर्गात एक फायदाही आहे. दुसरीचं पोरगं अंदाज सांगतं, चौथीचं नोंद लिहितं, एकच ग्लास दोघांना पुरतो. आठवड्यातून एक असा तास धरला तरी वर्षात तीसेक होतात.

"सरांनाच उत्तर आलं नाही तर?" हा प्रश्न पालक विचारत नाहीत, शिक्षक एकमेकांत कुजबुजतात. आमच्यातले बरेच जण कला शाखेतून आलेले. मीही. पण "मला येत नाही, बघू या का?" असं मास्तर म्हणतो तेव्हा पोरं जेवढी सावध होऊन बसतात, तेवढी मी बरोबर उत्तर दिल्यावर कधी बसलेली बघितली नाहीत.

घरी काय कराल?

विज्ञानाचं किट आणू नका. हळदीच्या डागाला साबण लावल्यावर तो लाल का होतो, ते पोराला आपणहून दिसू द्या, मग त्या लाल डागावर लिंबू पिळा. हळदीत चुना मिसळून कुंकू होतं हे आजी सांगेलच (चुना पोरांच्या हातात मात्र देऊ नका, डोळ्यात गेला तर वाईट). मटकीला मोड आणताना एक मूठ फडक्यात बांधा आणि एक पाण्यात बुडवून ठेवा. उत्तर माहीत असलं तरी दोन दिवस गप्प बसा. हे शेवटचं मला स्वतःला अजून जमत नाही.

दिवाळीनंतरच्या सभेला शेडवाले पालक पुन्हा आले. फोटोसिंथेसिसचा विषय निघाला नाही. "सर, पोरगं रोज सोड्याची बाटली मागतंय. बेदाणा नाचतो, मान्य. पण ताजं द्राक्ष टाकलं तर?"

मी कधी टाकून बघितलं नव्हतं. द्राक्षं हातात यायला जानेवारी उजाडणार. तोवर फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात पोरांचे अंदाज लिहून ठेवलेत, ते पुसायचे नाहीत असं ठरलंय: नाचेल ११, तळाला बसेल १४. पालकांनी खडू मागून घेतला, १४ खोडलं आणि १५ केलं.